फूल, दोन पाने आणि कुळाचे मत

दरसाल १६ जानेवारी आली की गोव्यात ‘अस्मिताय दिस’ पाळतात. सभा होतात, हार पडतात आणि १९६७ साली गोमंतकीयांनी केवढा शहाणपणा केला याची भाषणे होतात. इकडे आमच्या बाजूस त्याच दिवसाची आठवण निघाली, तर जुनी माणसे ‘गोवा हातचा गेला’ म्हणून सुस्कारा टाकतात. या दोन्ही बोलण्यांत एक माणूस कोठेच दिसत नाही. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या महालांतला, त्या दिवशी फुलास मत देणारा कुळवाडी तो. त्याचे मत तसे का पडले, पुढे ते फिरले कसे आणि कशाने फिरले, याचा हिशेब मांडण्याची कोणास गरज वाटत नाही. आम्हांस ती वाटते. सरहद्दीच्या अलीकडे आम्ही आणि पलीकडे ते, एवढाच काय तो भेद. सोयरिकी एक, शेती एक, देवही बहुतेक एकच.

तरुण वाचकांसाठी मूळ हकीकत थोडक्यात सांगतो. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगीजांच्या हातून सुटला आणि केंद्रशासित प्रदेश झाला. १९६३ अखेर पहिली निवडणूक झाली, तीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला आणि भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. पक्षाचे पहिले मागणे असे की गोवा महाराष्ट्रात विलीन करावा. डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष त्याविरुद्ध उभा राहिला. निवडणुकीतील मत म्हणजे विलीनीकरणास दिलेले मत नव्हे, लोकांस स्वतंत्रपणे विचारा, असा त्यांचा आग्रह होता. अखेर संसदेने १९६६ च्या डिसेंबरात कायदा केला. कौल निर्भेळ व्हावा म्हणून बांदोडकरांचे मंत्रिमंडळ खाली उतरले आणि १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. महाराष्ट्रात जावे असे म्हणणाऱ्यांस फूल, केंद्रशासित राहावे असे म्हणणाऱ्यांस दोन पाने. स्वतंत्र राज्य हवे असे म्हणणाऱ्यास तिसरी निशाणी नव्हती. पोटासाठी मुंबईस राहणाऱ्या हजारो गोवेकरांस मतही नव्हते.

मतदार ३,८८,४३२ होते. त्यांपैकी ३,१७,६३३ जणांनी मत दिले. दोन पानांस १,७२,१९१ आणि फुलास १,३८,१७० मते पडली, ७,२७२ बाद झाली. अंतर ३४,०२१ मतांचे. आम्ही शाळेत मुलांस गणित घालतो तसे मांडले, तर पानांकडची १७,०११ माणसे फुलाकडे गेली असती तर निकाल उलटा लागला असता. तेव्हा ‘गोव्याने एकमुखाने महाराष्ट्र नाकारला’ असे जे आज सांगतात, ते आकड्यांस धरून नाही. शंभरांत चव्वेचाळीस जण फुलाकडे होते म्हटले तरी चालेल.

आता हे फुलाकडचे लोक कोण? गावगाड्याच्या तळाशी बसलेला कष्टकरी बहुजन हिंदू. गोव्याची जमीनदारी ज्यांस ठाऊक नाही त्यांस सांगावे लागेल की तेथे जमिनीचा धनी तो भाटकार. शेत कसणारा तो कूळ. आणि भाटकाराच्या जागेत झोपडी घालून राहणारा, त्याच्या माडांची राखण करणारा, बोलावील तेव्हा कामास जाणारा, तो मुंडकार. मुंडकाराच्या पायाखालची जमीनही त्याची नाही. धन्याची मर्जी फिरली की चूल उचलून दुसरीकडे जावे. देवळाचे महाजन ठराविक घराण्यांचे. देवासाठी ढोल वाजवायचा, दिवज धरायची, पालखी खांद्यावर घ्यायची ती आमच्यासारख्यांनी, आणि देवस्थानच्या हिशेबाची वही उघडायची ती त्यांनी. भाटकार देवळात जाणारा असो की चर्चमध्ये जाणारा, कुळाशी वागताना दोघांचा धर्म एकच असे.

अशा कुळाने सरहद्दीपलीकडे पाहिले तेव्हा त्यास काय दिसले? १ एप्रिल १९५७ हा मुंबई राज्याच्या कुळकायद्याने कृषकदिन ठरविला आणि सावंतवाडीकडचे कूळ कायद्याने जमिनीचे मालक मानले गेले. कागदावर नाव चढण्यास वर्षे लागली, कोर्टकचेऱ्या झाल्या, कित्येकांच्या जमिनी गेल्याही. पण कायदा कुळाच्या बाजूने उभा राहिला होता. गोव्यात १९६४ च्या कायद्याने कुळास संरक्षण मिळाले, खंड पिकाच्या सहाव्या हिश्शाहून अधिक घेण्यास मनाई झाली. पण मालकी काही मिळाली नाही. तेव्हा पेडण्याच्या कुळाने फूल निवडले, त्यात मुंबईची ओढ किती आणि सातबारावरच्या नावाची ओढ किती, हे ज्याने भाटकाराच्या खळ्यावर धान्य मोजून दिले आहे त्यास विचारावे. मराठीचे प्रेम होतेच, ते खोटे नव्हे. भजन, दशावतार, पोथी सगळी मराठीतली. परंतु नुसत्या भाषाप्रेमाने कोणी कुळवाडी भाटकाराच्या डोळ्यांदेखत उलटे मत देण्याचे धाडस करीत नाही.

पानांकडच्या लोकांचीही बाजू सरळ सांगितली पाहिजे. आमच्या कित्येक लेखकांनी त्यांस ‘पोर्तुगीजधार्जिणे’ म्हणून हिणविले, तो शुद्ध अन्याय होता. सासष्टीचा ख्रिस्ती कुणबी हाही कूळच होता. किनाऱ्यावरचा मच्छीमार, माडावर चढणारा रेंदेर हेही हातावर पोट असणारे. महाराष्ट्रात दारूबंदीचा कायदा होता. माडाची सूर काढून जगणाऱ्या रेंदेराने त्या कायद्याखाली जाण्यास का राजी व्हावे? ख्रिस्ती समाजास भय होते की एवढ्या मोठ्या राज्यात आपण मुठीतल्या मिठासारखे विरघळून जाऊ. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यांची मिजास सुशिक्षितांनी भोगली होती. कोंकणी बोलणाऱ्यास तिची बोली म्हणून हेटाळणी ऐकावी लागे. गंमत अशी की विलीनीकरणाविरुद्ध मराठी वाचकांत रान उठविणारे ‘राष्ट्रमत’ हे दैनिक मराठीतच निघत होते. म्हणजे भांडण मराठी आणि कोंकणी असे सरळ दोन तुकड्यांचे नव्हतेच.

म्हणून आम्ही म्हणतो की त्या दिवशी कूळ दोहोंकडे होते. हिंदू कूळ बहुतेक फुलाकडे, ख्रिस्ती कूळ बहुतेक पानांकडे, आणि भाटकारही दोन्हीकडे थोडेथोडे, पण तेथे ते पुढारी म्हणून. दोन गरीब समोरासमोर उभे करून त्यांच्या भांडणात तिसऱ्याने न्यायाधीश होणे, ही रीत आपल्या देशात नवी नाही.

आता खरी मौज पुढे आहे. निकाल लागला, पानांकडच्यांनी मिरवणुका काढल्या, फुलाकडच्या गावांत चुली पेटल्या नाहीत असे म्हणतात. आणि त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, १९६७ च्या मार्चमध्ये, विधानसभेची निवडणूक झाली तेव्हा त्याच गोमंतकीयांनी पुन्हा बांदोडकरांच्याच पक्षास निवडून दिले! ज्याची मुख्य मागणी लोकांनी फेटाळली, त्याच्याच हाती लोकांनी कारभार दिला. १९७२ साली पुन्हा दिला. पंडित लोक यास विसंगती म्हणतील. आम्हांस त्यात काडीची विसंगती दिसत नाही. कौलाच्या दिवशी प्रश्न विचारला होता तो सरहद्दीचा. निवडणुकीत प्रश्न होता तो जमिनीचा, शाळेचा, रस्त्याचा. प्रश्न वेगळा म्हणून उत्तर वेगळे. बांदोडकर स्वतः खाणमालक, पैसेवाले खरे, पण बहुजन समाजातून वर आलेले. गावच्या माणसास त्यांच्या दारात उभे राहून बोलता येत असे, आणि हे ज्यास पिढ्यान्‌पिढ्या अंगणाबाहेर उभे केले आहे त्यास फार मोठे वाटते.

येथून मत पालटण्यास आरंभ झाला, असे आमचे निदान आहे. ते कोणाच्या व्याख्यानाने पालटले नाही. फुलाकडच्या एखाद्या म्हाताऱ्याने ‘माझे चुकले’ म्हणून छाती बडवून घेतल्याचे आमच्या ऐकिवात नाही. झाले ते असे की ज्या गोष्टींसाठी त्याने महाराष्ट्र मागितला होता, त्या एकेक करून त्याच्या दाराशी येऊ लागल्या.

पहिली शाळा. पोर्तुगीज अमदानीत शिकणे म्हणजे पोर्तुगीज शिकणे, आणि ते भाटकाराच्या मुलांचे काम. बांदोडकर सरकारने वाड्यावाड्यांवर सरकारी प्राथमिक शाळा काढल्या, बहुतेक मराठी. शिक्षक पुरेनात, तेव्हा आमच्या बाजूचे कित्येक मास्तर पत्र्याची पेटी घेऊन तिकडे गेले. देवळाच्या ओसरीत, कोणाच्या गोठ्याच्या पडवीत वर्ग भरले. मुंडकाराचा पोर पहिल्यांदा पाटी घेऊन बसला. त्या पोरांतून पुढे तलाठी झाले, शिक्षक झाले, फौजदार झाले. आम्ही मास्तरकी करतो म्हणून आमच्या धंद्याची तारीफ करतो आहोत असे कोणी समजू नये. घरात पहिला कागद वाचणारा माणूस निर्माण झाला की भाटकाराचा कारकून सांगेल तो हिशेब खरा, हा जमाना संपतो.

दुसरी जमीन. बांदोडकर १९७३ च्या ऑगस्टात वारले आणि त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. त्यांच्या कारकिर्दीत १९७५ साली मुंडकारांस बेदखलीपासून संरक्षण देणारा कायदा झाला आणि १९७६ साली कुळकायद्यास पाचवी दुरुस्ती झाली. २० एप्रिल १९७६ पासून कसणारे कूळ जमिनीचे खरेदीदार मानले गेले. भाटकार अर्थातच कोर्टात गेले. कायदा तेथे अडकला, रद्द झाला, आणि पुढे १९८४ साली घटना दुरुस्त करून त्यास नवव्या परिशिष्टात बसवावे लागले. सावंतवाडीच्या कुळास जे १९५७ साली मिळाले, ते पेडण्याच्या कुळास १९७६ साली, म्हणजे एकोणीस वर्षांनी. पण मिळाले ते गोव्यात राहून मिळाले. येथे वाचकांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. या कायद्याने कुळास विचारले नाही की तू देवळातला की चर्चमधला, तू फुलास मत दिलेस की पानांस. सासष्टीचा ख्रिस्ती कुणबी आणि पेडण्याचा हिंदू कुळवाडी एकाच कलमाखाली आले. दहा वर्षांपूर्वी ज्या दोघांस एकमेकांविरुद्ध उभे केले होते, त्या दोघांचा वैरी मामलेदाराच्या कचेरीत एकाच बाकावर बसलेला दिसू लागला. फुला-पानांचे भांडण विझले असेल तर ते येथे विझले. ज्यांनी सभा गाजविल्या त्यांचे नाव सर्वांस ठाऊक आहे, या पाचव्या दुरुस्तीचे नाव मात्र कोणी घेत नाही.

भाषेचा प्रश्न मात्र इतका सुखाने सुटला नाही. साहित्य अकादेमीने १९७५ साली कोंकणीस मान्यता दिली. पुढे राजभाषेचे आंदोलन पेटले, १९८६ च्या डिसेंबरात दंगे होऊन माणसे मेली. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी देवनागरी कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीचा सरकारी कामात वापर करण्याची तरतूद कायद्यात ठेवली. ३० मे १९८७ रोजी गोवा स्वतंत्र राज्य झाला. १९६७ साली जी निशाणीच नव्हती, ती वस्तू वीस वर्षांनी हाती आली. आणि ती आली तेव्हा फुलाकडच्या गावांनीही ती आनंदाने घेतली, कारण मधल्या काळात तेथील माणूस आपल्या विधानसभेस, आपल्या आमदारास, आपल्या कचेरीस सरावला होता. मुंबई दूर, पणजी जवळ. कामासाठी सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी घरी परततो, ही सोय ज्यास लाभली तो ती सोडत नाही.

आणि आमच्या बाजूचे काय? हे सांगताना जीभ जड होते, पण सांगणे भाग आहे. आज गोव्यात विलीनीकरणाविरुद्धचा सर्वांत बळकट पुरावा म्हणून काय दाखवितात, तर आमचा सिंधुदुर्ग. ‘तिकडे गेलो असतो तर यांच्यासारखे झालो असतो’ असे म्हणतात. राग येतो, पण उत्तर देणे कठीण. पणजीस वैद्यकीय विद्यालय निघाले ते १८४२ साली. आमच्या जिल्ह्यास सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिळाले ते २०२१ नंतर. मधल्या काळात आमचा आजारी माणूस गाडीत घालून बांबोळीस न्यावा लागे, आणि पुष्कळदा अजूनही न्यावा लागतो. २०१८ च्या आरंभी गोवा सरकारने परराज्यातल्या रुग्णांस तेथे शुल्क लावले, तेव्हा दोडामार्गात लोक रस्त्यावर बसले. त्याच वर्षी त्या तालुक्यातून आवाज उठला की आम्हांसच गोव्यात विलीन करा! पन्नास वर्षांपूर्वी पलीकडचा कुळवाडी अलीकडे येऊ पाहत होता, आता अलीकडचा पलीकडे जाऊ पाहतो. मुंबईतल्या पुढाऱ्यांनी त्या मागणीची थट्टा केली. आम्ही करणार नाही. पेडण्याच्या कुळाने १९६७ साली जमिनीकडे पाहून मत दिले, दोडामार्गच्या माणसाने दवाखान्याकडे पाहून मागणी केली. माणूस बदलला नाही, मनही बदलले नाही. ज्या दिशेस पोटाची आणि जिवाची तजवीज दिसते, त्या दिशेस तो तोंड करतो.

असे असताना गोव्यातील काही वक्ते आज फुलास मत देणाऱ्यांची संभावना ‘महाराष्ट्राचे हस्तक’ म्हणून करतात. एका कुळवाड्याच्या नातवाने शाळा-कॉलेजात हे ऐकावे आणि आपल्या आजोबांची लाज वाटून घ्यावी, हा प्रकार आम्हांस सहन होण्यासारखा नाही. सिक्वेरांचा मान त्यांस मिळालाच पाहिजे. त्यांनी कौल मागितला नसता तर निर्णय दिल्लीच्या खोलीत झाला असता. पण गोवा राज्य आज ज्या लोकांच्या खांद्यावर उभे आहे, त्यांत ते १,३८,१७० लोकही आहेत. त्यांनी आपली दाद फुलाच्या रूपाने मागितली म्हणूनच पुढे दोन्ही बाजूंच्या सरकारांस कुळाकडे पाठ फिरविण्याची छाती झाली नाही. हरलेल्या मताचे हे काम जिंकलेल्यांच्या भाषणात येत नाही. आमच्याकडच्या सुस्कारे टाकणाऱ्यांसही तेच सांगणे. गोव्याने मराठीशी बेइमानी केली म्हणता, तर तिकडच्या मराठी शाळा आज पटावाचून बंद पडत आहेत त्याबद्दल कधी ब्र काढला काय? २०११ साली तेथील सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांस अनुदान दिल्यापासून पालकांचा ओढा तिकडे अधिकच वाढला. त्यात बहुजनांचे पालकही आहेत, आणि त्यांस दोष देण्यापूर्वी आपल्या गावच्या शाळेचा पट मोजून यावा.

जे मत जमिनीमुळे फिरले ते जमिनीमुळेच पुन्हा बिघडू शकते, आणि ही गोष्ट आज गोव्यात कोणी मनावर घेत नाही. पाचवी दुरुस्ती झाली तरी सर्व कुळांची नावे चढली नाहीत. मामलेदाराकडे दावे वर्षानुवर्षे पडून आहेत. २०१४ साली कुळकायदा दुरुस्त करून हे दावे दिवाणी न्यायालयाकडे वळविण्याचा आणि दावा करण्यास मुदत घालण्याचा घाट घातला गेला. वकिलाची फी कोणाच्या खिशात आहे आणि कोणाच्या नाही, हे काय सांगावयास हवे? बहुजनांनी गिल्ला केला तेव्हा सरकारास पाऊल मागे घ्यावे लागले. दुसरीकडे दिल्ली-मुंबईचे पैसेवाले डोंगरउतार आणि शेते मागतील त्या किमतीस घेत सुटले आहेत. आजोबांनी ज्या वाफ्यासाठी फूल निवडले, तो वाफा नातू इमारतवाल्यास विकतो, आणि ज्याचे नाव कागदावर चढलेच नाही त्याचा वाफा भाटकाराचा वारस परस्पर विकतो. फुलाकडचा असो वा पानांकडचा, दोघांचा नातू मग त्याच इमारतीच्या फाटकावर पहारेकरी म्हणून उभा राहतो.

पेडणे-डिचोलीकडे ज्यांची सोयरीक आहे अशा आमच्या वाचकांस एक विनंती आहे. गणपतीस किंवा जत्रेस तिकडे जाल तेव्हा त्यांच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर कुळाच्या रकान्यात कोणाचे नाव आहे ते विचारा. तो उतारा म्हणजे आपल्या सातबारासारखाच. नाव नसेल, तर घरात खंडाच्या जुन्या पावत्या, भाटकाराच्या हातची चिठ्ठी, जुने घरपट्टीचे कागद असे काही सापडते का ते पेटीतून बाहेर काढावयास लावा. वाळवी लागण्याआधी त्यांच्या नकला करून मामलेदाराकडे अर्जास जोडाव्यात आणि पोच घ्यावी. शेजारच्या शेताची साक्ष देऊ शकतील अशी म्हातारी माणसे आता थोडीच उरली आहेत. त्यांचे जबाब ती हयात आहेत तोवर नोंदवून घ्यावेत.

— एक खेडवळ शिक्षक